विमानाच्या पोटाखालची फळी

विमान वर न्यायला फारशी अक्कल लागत नाही. पुढे पुरेसं मोठं इंजिन आणि आत पुरेसा हट्टी माणूस असला की काहीही उडतं. आमच्या गल्लीतला गणपतीचा मांडव एकदा वाऱ्याने उडून परळच्या पुलावर जाऊन बसला होता, त्याला तर इंजिनही नव्हतं. खरी विद्या आहे ती खाली आणण्याची. आणि या विद्येत लालबाग-परळ भागात माझा हात धरणारा कोणी नाही. एक तर इथे दुसरा कोणी हे काम करत नाही, हे कारण आहेच. पण ते सोडून द्या.

मी विमानाचा पत्रेवाला. सगळी नोकरी एका विमान कंपनीच्या हँगरमध्ये गेली. लोकांना वाटतं विमान म्हणजे पायलट. पायलट हा भाडेकरू हो, घर आम्ही सांभाळतो. विमानाचा पत्रा रिव्हेटने, म्हणजे ठोकून चपट्या करायच्या खिळ्यांनी, जोडतात. बाहेरून एकाने ठोकायची गन चालवायची, आतून दुसऱ्याने लोखंडी ठोकळा दाबून धरायचा. दोघे एकमेकांना दिसत नाहीत, आवाजात ऐकू येत नाही, तरी दोघांचा हात एका तालात चालला पाहिजे. म्हणून चांगल्या पत्रेवाल्यांचे संसार टिकतात, असं मी बायकोला नेहमी सांगतो. ती ऐकू न आल्यासारखं करते, म्हणजे तालात आहे.

रिटायर झालो आणि हातातली गन सुटली. मग शेजारपाजारची कामं. कुणाची कढई, कुणाची दुकानाची पाटी. वरच्या मजल्यावरच्या काकूंच्या मोदकपात्राचा कान तुटला होता, तो मी विमानाच्या पद्धतीने बसवून दिला. उद्या आमची बिल्डिंग कोसळली तर ढिगाऱ्यातून ते मोदकपात्र तेवढं अखंड निघेल, आतल्या मोदकांच्या कळ्यांसकट. पण मोदकपात्राने माणसाचं पोट भरतं, मन भरत नाही.

अशात माझी दाढ दुखायला लागली आणि मी प्रभादेवीला डॉक्टर कर्णिकांकडे गेलो. त्यांनी मला खुर्चीत आडवं केलं, तोंडात आरसा, नळी, कापूस आणि स्वतःची दोन बोटं घातली, आणि मग विचारलं, “तुम्ही विमानाचं काम करायचात म्हणे?”

मी म्हटलं, “आं.”

“मी एक विमान बांधलंय.”

“आं?”

“शिवडीला, गोडाउनमध्ये. स्वतःच्या हातांनी. घाटावर नेऊन उडवतोसुद्धा. उडतं छान.” इथे त्यांनी दाढेत काहीतरी टोचलं. “उतरत नाही.”

“आँ!” ही माझी किंकाळी दाढेची होती की विमानाची, हे मलाही सांगता येणार नाही.

“त्याला फ्लॅप्स बसवता येतील का? नाहीतर स्पीड ब्रेक? काहीही चालेल.”

तोंडात इतकं सामान असताना माणूस नाही म्हणू शकत नाही. डॉक्टरांनी ते होकारात धरलं.

शिवडीचं ते गोडाउन बंदराच्या बाजूला. दार उघडलं आणि मी बघतच राहिलो. विमान असं गुळगुळीत की माशी बसली असती तर घसरून पायाचं हाड मोडून घेतलं असतं. डॉक्टरांनी दाताची कॅप घासावी तसं अकरा वर्षं ते घासलं होतं. आणि तेच त्याचं दुखणं होतं. साधं विमान इंजिन मंद केलं की आपलं आपण खाली येतं, कारण हवा त्याला अडवते. हे विमान हवेला पत्ताच लागू द्यायचं नाही. पंख लांब, अंग निसरडं. इंजिन मंद करा, ते आपलं तरंगतंय. जमिनीजवळ आलं की पंखाखालची हवा गादीसारखी दाबली जाते, मग तर पाहुणा लोडाला टेकावा तसं ते त्या गादीवर रेलायचं. धावपट्टी सुरू व्हायची, अर्धी व्हायची, संपायची, विमान अजून जमिनीपासून हातभर वर.

“मग थांबतं कुठे?” मी विचारलं.

“उसात,” डॉक्टर म्हणाले.

घाटावरच्या एका साखर कारखान्याची जुनी धावपट्टी त्यांना वापरायला मिळायची. पट्टी आखूड, पलीकडे ऊस. पहिल्यांदा उसात गेले तेव्हा शेतकरी कोयता घेऊन आला. डॉक्टरांनी बांधावर बसून त्याच्या आईच्या तोंडाचं माप घेतलं आणि पुढच्या खेपेला कवळी करून नेली. दुसऱ्यांदा उसात गेले तेव्हा मामाची. तिसऱ्यांदा गेले तेव्हा बांधावर गावातली सात-आठ बोळकी आधीच रांगेत उभी होती, विमान चुकलं तर आपला नंबर लागेल म्हणून.

गावाची सोय झाली, पण डॉक्टरांच्या घरी सोय राहिली नाही. सुलभावहिनी, म्हणजे डॉक्टरांच्या मिसेस, दादरच्या एका शाळेत पी.टी.च्या बाई होत्या. रिटायर होऊन बरीच वर्षं झाली, तरी त्या जिन्यात खाकरल्या की खालच्या मजल्यावरची पोरं आपोआप उंचीप्रमाणे उभी राहतात. माझ्यासमोरच त्यांनी डॉक्टरांना अट घातली.

“हे बघा, मी पट्टीवर चुन्याची रेघ मारणार. शाळेत शंभर मीटरला मारायचे तशी. शेवटच्या निंबाच्या अलीकडे. विमान रेघेच्या आत थांबलं तर तुमचं. एक बोट जरी रेघेबाहेर गेलं, तर बाबीच्या मंडळाला देऊन टाकायचं.”

“सुलभा, अगं अकरा वर्षं—”

“आणि मी अकरा वर्षं काय करतेय? फोन वाजला की आधी देवाला हात जोडते, मग उचलते. एकदाच संधी. दुसरा चान्स नाही.”

डॉक्टरांचा चेहरा पडला. जन्मभर दुसऱ्यांचे दात उपटलेला माणूस, पण आपलं काही कोणी उपटू लागलं की काय होतं, ते त्या दिवशी त्यांच्या तोंडावर दिसलं. मी वरवर हसलो, पण मलाही आत कुठेतरी लागलं. हे विमान गेलं असतं तर ते सकाळी उठून काय करणार होते?

आता हा बाबी कोण? बाबी परब आमच्या लालबागचाच. गणपतीतले हलते देखावे बनवतो. राक्षस तोंड उघडतोय, देवी त्रिशूळ उगारतेय, मारुती डोंगर उचलतोय, ते सगळं बाबीचं. दहा दिवस संपले की त्याचे सगळे राक्षस डॉक्टरांच्या शेजारच्या गोडाउनमध्ये पडलेले असायचे. आणि पुढच्या वर्षी त्याला पुष्पक विमानाचा देखावा करायचा होता. तयार विमान आयतं मिळत असेल तर तो काय नको म्हणणार? येता-जाता तो डॉक्टरांच्या विमानाला हात लावून बघायचा, लग्नाच्या बाजारात म्हैस बघावी तसा. आता लग्नात म्हैस कशाला, असं विचारू नका, बाबीच्या बघण्यात दोन्ही होतं.

“डॉक्टरांनु, हेका मागसून सोनेरी रंग मारलंय तर चलात मां?” असं तो एकदा मापं घेता घेता म्हणाला. डॉक्टर त्या दिवशी जेवले नाहीत.

काम सुरू झालं ते भांडणाने. डॉक्टरांना फ्लॅप्सच पाहिजे होते. फ्लॅप म्हणजे पंखाची मागची कड, जी उतरताना खाली वाकते. त्याने विमान हळू उडू शकतं आणि नाक खाली करून तीव्र उतारावरून येऊ शकतं. चीज उत्तम. पण त्यासाठी तयार पंख कापावा लागतो, आणि दोन्हीकडचे फ्लॅप्स बरोब्बर सारखे वाकावे लागतात. एक वाकला आणि दुसरा रुसला, तर विमान तव्यावरच्या घावनासारखं उलटतं. स्पीड ब्रेक, म्हणजे पंखावर उभ्या राहणाऱ्या फळ्या, बसवल्या तरी तीच भानगड, एक उठली, एक झोपली.

“मी दोन्ही सारखे करीन,” डॉक्टर म्हणाले. “माझा हात मायक्रॉनचा आहे.”

“डॉक्टर, दाताच्या बाजूला दुसरा दात असतो. पंखाच्या बाजूला काही नसतं.”

असे आम्ही दाराशी वाद घालत होतो, आणि समोर खाडीच्या चिखलात फ्लेमिंगोंचा थवा उतरत होता. बाबी विडी ओढत बघत होता. तो म्हणाला, “तुम्ही दोघेव शिकलेले ना? मगे त्येंका बघा. उतरताना पाय कशे खाली सोडतत ते.”

खरंच, उडताना मागे ताठ असलेले ते लांब पाय उतरताना खाली लोंबत होते आणि पाखरं हवेतल्या हवेत अडत होती. डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं, मी डॉक्टरांकडे. मी लगेच म्हणालो, “हेच मी मघापासून सांगतोय.” कारण कल्पना ज्याच्या तोंडातून आधी मोठ्याने बाहेर पडते त्याची असते, हा आमच्या हँगरचा नियम.

तर ठरलं असं. पंखांना हात लावायचा नाही. विमानाच्या पोटाखाली मधोमध एकच रुंद फळी. पुढच्या कडेला बिजागरी. एरवी पोटाला चिकटून झोपलेली, बटण दाबलं की मागची कड खाली लोंबणार आणि हवेच्या वाटेत आडवी येणार. एकच फळी, म्हणजे डावं-उजवं हे भांडणच नाही.

फळी मी केली. असा पत्रा मी हँगरमध्येसुद्धा केला नव्हता. बाहेरून गन माझी, पोटात आडवे पडून ठोकळा धरायला डॉक्टर. काय सांगू, हात असावा तर असा! माणूस चुकून दंतवैद्य झाला, पत्रेवाला झाला असता तर नाव काढलं असतं. मी हे त्यांना सांगितलंही. त्यांनी ते मनावर घेतलं आणि माझी पुढची दाढ फुकट काढून दिली. ती दुखत नव्हती.

राहता राहिली फळी हलवणारी मोटर. ती बाबीकडे होती. ट्रकच्या वायपरची, राक्षसाच्या जबड्यात बारा गणपती चाललेली, दणकट. तिचा गुण असा की वीज बंद केली की आहे तिथे घट्ट थांबते, हवेने कितीही ढकललं तरी हलत नाही. बाबीनेच ती बसवली, वायरी जोडल्या. आम्ही गोडाउनमध्ये चाचणी घेतली. बाबीने बटण चालू केलं, फळी खाली आली. बंद केलं. पुन्हा चालू केलं, फळी वर गेली. बंद केलं. पन्नास वेळा खाली, पन्नास वेळा वर. एकदाही चूक नाही. डॉक्टरांनी टाळ्या वाजवल्या. परवानग्या आणि कागद यांचं सांगत बसत नाही, त्यावर संपादकांना वेगळा अंक काढावा लागेल.

पंख सोडवून विमान प्लास्टिकमध्ये गुंडाळलं आणि बाबीच्या नेहमीच्या टेम्पोत चढवलं. टेम्पोवाला सवयीने लालबागच्या नाक्यावरून गेला. झाकलेलं मोठं धूड आणि मागे उभा बाबी बघून लोक हात जोडायला लागले. एका आजींनी तर “उंची किती हो यंदा?” असं विचारलं. डॉक्टरांनी आतून उत्तर दिलं, “आठ हजार फूट!” आजींनी दोन्ही कान पकडले.

घाटावर पोचलो, विमान जोडलं. वहिनींनी दोरी धरून चुन्याची रेघ मारली, इतकी सरळ की तिच्यावर पाणी ठेवलं तर हललं नसतं. गळ्यात शिट्टी. बांधावर सगळं गाव. बोळक्यांनी पुढच्या जागा पकडल्या होत्या, त्यांची सहानुभूती कुठल्या बाजूला होती ते उघड होतं. डॉक्टर एकटेच आत बसले. जाताना त्यांनी विमानाच्या अंगावरून हात फिरवला. त्या हाताकडे वहिनींनी बघितलं आणि मान दुसरीकडे वळवली.

विमान उडालं, वर गेलं, आमच्या डोक्यावर आलं. माझ्या हातात वॉकीटॉकी. डॉक्टरांचा आवाज आला, “आता फळी सोडतो.”

पोटाखालून फळी खाली आली. विमान हवेत अडलं, नाक झुकलं. वा! गाव ओरडलं. आणि मग फळी वर गेली. मग खाली आली. मग वर. विमान आभाळात एकसारखं मान डोलवायला लागलं, कीर्तनाला बसल्यासारखं.

“हे काय करतायत?” वहिनी.

“अहो, हे काय होतंय?” वॉकीटॉकी.

“चलता हा!” बाबी आनंदाने उड्या मारत होता. “बघ, काय झ्याक चलता! जरा तरी अडाकता काय?”

मी त्याची कॉलर धरली. “बाबी, ही थांबते कुठे?”

“थांबता कशाक? राक्षस थांबलो तर रांग पुढे सरकात काय? जबडो उघडता, मिटता, उघडता, मिटता.”

“आणि गोडाउनमध्ये कशी थांबत होती?”

“ती मिया थांबवी होतंय! आरतीच्या टायमाक थांबवचाच लागता ना? देवीच्या आरतीत राक्षसान तोंड वासलेला बरा दिसता काय? बोटांका सवय झाली माझ्या. आणि थांबवक होयी असा तू माका सांगलंस कधी?”

समजलं ना? देखाव्याची मोटर गोल फिरत राहते आणि तिचा दांडा वर-खाली, वर-खाली करतो. टोकाला पोचल्यावर वीज आपोआप तोडणारा खटका लागतो, तो तिच्यात नव्हताच. तो खटका म्हणजे बाबीची बोटं होती, आणि ती बोटं आत्ता माझ्या शेजारी टाळ्या वाजवत होती. चूक कोणाची यावर लालबागमध्ये अजून दोन पक्ष आहेत. माझ्या पक्षात मी आहे.

“डॉक्टर, बटण बंद करा!” मी ओरडलो. त्यांनी केलं. फळी मेली, वरच थांबली. म्हणजे पुन्हा निसरडं विमान, पुन्हा ऊस. “चालू करा! खाली आली की बंद करा!”

“मला दिसत नाही ती! पोटाखाली आहे! तुम्ही सांगा!”

मी सांगितलं. मी “बंद” म्हणेपर्यंत, ते त्यांच्या कानात शिरेपर्यंत आणि बोट हलेपर्यंत फळी निम्मी वर. पुन्हा. पुन्हा निम्मी. आत डॉक्टरांचा आवाज बारीक होत चालला. “राहू द्या. मी तसाच उतरतो. विमान बाबीला द्या.”

तेवढ्यात वहिनींनी माझ्या हातातून वॉकीटॉकी खेचली. “चूप बसा सगळे. कर्णिक! मी बोलतेय. बटण चालू.”

फळी हलायला लागली. वहिनी वर बघत होत्या, पाय ताल धरत होता. “खाली… वर… खाली… वर…” दोन फेऱ्या त्यांनी नुसता ठेका घेतला. मग फळी अजून उतरत असतानाच त्यांनी लांबवून हुकूम सोडला, “एऽऽक साऽऽथ…” आणि फळी तळाला टेकायच्या जराशी आधी, “थांब!”

कवायत म्हणजे हेच हो. हुकूम दोन तुकड्यांत देतात. पहिल्याने माणूस तयार होतो, दुसऱ्यावर पाऊल आपटतं. बांधावरचं अख्खं गाव सावधानमध्ये उभं राहिलं. एका म्हाताऱ्याची विडी गळून पडली. आणि वर आभाळात फळी पूर्ण लोंबलेली, स्तब्ध.

“आता उतरा,” वहिनी म्हणाल्या. मग गळ्यातली शिट्टी मुठीत आवळून धरली, पण ते मी एकट्यानेच बघितलं.

मग काय सांगू! ते विमान, जे कधी खाली यायला तयार नव्हतं, ते झाडावरून पिकला फणस यावा तसं आलं. वॉकीटॉकीवर डॉक्टर ओरडत होते, “येतंय! खाली येतंय!” शेवटी नाक उचललं, चाकं टेकली, फळी जमिनीपासून वीतभर वर राहिली, आणि विमान पट्टीच्या निम्म्यातच उभं राहिलं. रेघ इतकी लांब राहिली की तिथपर्यंत डॉक्टरांना रिक्षा करून जावं लागलं असतं. बांधावर निराशा पसरली. बाबी कपाळाला हात लावून बसला, “गेला माझा पुष्पक,” पण डोळे पुसत हसतही होता. मोटर त्याची होती शेवटी.

डॉक्टर उतरले, धावत आले, आणि वहिनींसमोर येऊन काय करावं ते न सुचून सावधानमध्ये उभे राहिले.

“विश्राम,” वहिनी म्हणाल्या.

विमान वाचलं. परतल्यावर मी मोटरला दोन्ही टोकांना खटके बसवले. आता फळी खाली जाऊन आपली आपण थांबते, वर जाऊन थांबते, बाबीच्या बोटांची गरज नाही. हे काम चालू असताना एका दुपारी वहिनी एकट्याच शिवडीला आल्या. डबा उघडला, आत कोलंबीचं खिचडं. मी ओळखलं, काहीतरी काम आहे.

“भाऊ, हे विमान दोन सीटचं ना?”

“हो. मोटारसायकलसारखं. पुढे डॉक्टर, मागे एक जण.”

“त्या फळीचं बटण कुठे बसवताय?”

“पुढेच. डॉक्टरांच्या डाव्या हाताशी.”

“मागे बसवा.”

“अहो वहिनी, पट्टे बांधल्यावर डॉक्टरांचा हात मागे पोचणार नाही.”

“मला माहितीय,” त्या म्हणाल्या, आणि डब्याचा दुसरा कप्पा उघडला. त्यात तळलेली सुरमई होती.

मी बटण मागे बसवलं. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा मी वजनाचा तोल, वायरीची लांबी, पंख्याचा थरथराट असं पाच मिनिटं सांगितलं. माझ्या आयुष्यातली ती सर्वांत सुंदर थाप होती. डॉक्टर शांतपणे ऐकत होते. मग त्यांनी चष्मा काढून पुसला, विमानात डोकावून मागचं बटण बघितलं, परत माझ्याकडे बघितलं.

पुढच्या खेपेला आम्ही घाटावर पोचलो तेव्हा डॉक्टरांनी मागच्या सीटवर एक नवीकोरी उशी बांधलेली होती. सुलभावहिनींची कंबर दुखते ना.